घरचेच काम, कागद कशाला?

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतल्या आमच्या घराचे काम मी ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला दिले. "घरचेच काम आहे, कागद कशाला?" एवढ्यावर ऐंशी हजार रोख दिले. जुनी लादी उखडली, डेब्रिजच्या गोण्या जिन्यात राहिल्या आणि त्याने फोन उचलणे बंद केले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारले, "पैसे गेले ते गेले, पण ब्रेकर कुणाला विचारून लावला?"

उत्तर नव्हते. 20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर लादीचेच काम सुरू असताना स्लॅब कोसळला, सहा जण गेले.

म्हणून म्हणतो, आधी सोसायटीची परवानगी घ्या. समोरच्याला राग आला तरी मालाचा ब्रँड, दर आणि मुदत लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने, बँकेतूनच द्या. शेवटचा हप्ता बाथरूममध्ये पाणी भरून गळती तपासल्यावर. फसवणूक झाल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या कामाला तक्रारीचे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

मीही जाणार आहे. फक्त ऐंशी हजारांची पावती माझ्याकडे नाही.