नसलेल्या मित्रासाठी

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम १२ सप्टेंबर १९७५ रोजी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याने पन्नाशी गाठली, म्हणून खपाच्या आकड्यांची उजळणी होईल. आम्हाला मोल वाटते ते वेगळ्या गोष्टीचे. थकलेल्या, परस्परांपासून मनाने दुरावलेल्या चौघांनी तो दुरावा झाकला नाही, त्याचेच गाणे केले.

‘द डार्क साइड ऑफ द मून’ने १९७३मध्ये त्यांच्या पदरात सारे काही टाकले. पुढे काय, हे मात्र कुणालाच सुचेना. रबरबँड, काचेचे प्याले अशा घरातल्या वस्तूंतून अख्खा अल्बम उभा करण्याचा घाट घातला आणि अर्ध्यावर सोडला. जानेवारी १९७५मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत काम सुरू झाले, तेव्हाही कुणाचे मन लागत नव्हते. हाताशी होते ते डेव्हिड गिल्मरच्या गिटारवर सरावात उमटलेले चार उदास स्वर. त्यांतून रॉजर वॉटर्सला सिड बॅरेट आठवला. बँडचा हा पहिला म्होरक्या मन ढासळल्याने १९६८मध्येच बाजूला पडला होता. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही सुमारे २६ मिनिटांची रचना त्याच्यासाठी आहे. रिक राइटचे सिंथेसायझर तिच्या आरंभी ताल येऊ न देता किती वेळ थांबून राहतात! सोडून दिलेल्या प्रयोगातले प्याल्यांचे नादही तिथेच मिसळले आहेत.

५ जून १९७५ रोजी एक स्थूल, डोके आणि भुवया भादरलेला माणूस स्टुडिओत येऊन उभा राहिला. तो सिड आहे हे बराच वेळ कुणाच्या ध्यानात आले नाही. ओळख पटली तेव्हा वॉटर्सला रडू आवरले नाही. ज्याची आठवण गाण्यात भरली, तो समोर उभा असूनही सापडत नव्हता.

शीर्षकगीतातही हीच जाणीव आहे, पण ती आवाजाच्या घडणीतून येते. पहिली गिटार रेडिओतून आल्यासारखी दबकी, खरखरती वाजते. मग दुसरी अगदी जवळून साथीला येते. आपल्या खोलीत एकटाच बसलेला कुणी रेडिओबरोबर वाजवतो आहे, असे वाटावे म्हणून गिल्मरने ती मुद्दाम तशी बांधली. पल्लेदार रचनांसाठी नावाजलेल्या या बँडचे सगळ्यांत मोठे कौशल्य आम्हाला या साध्या जागेत दिसते.

सिडवरची रचना एका बाजूला सलग ठेवावी आणि दुसऱ्या बाजूला मैफलींत आधीच वाजवलेली दोन गाणी घ्यावीत, असे गिल्मरचे मत होते. वॉटर्सने ती रचना दुभंगून अल्बमच्या दोन टोकांना ठेवली आणि मधे नवी गाणी घातली. त्यांतल्या दोन गाण्यांत माणसाला गिळणाऱ्या संगीतधंद्याविषयीचा संताप आहे. वॉटर्सचा हट्ट योग्यच होता. सिडचे नसणे त्यामुळे सगळ्या गाण्यांवर पसरले. वगळलेली दोन गाणीही वाया गेली नाहीत. नवे शब्द आणि नवी नावे घेऊन ती १९७७च्या ‘ॲनिमल्स’मध्ये आली.