शाळेतला गाण्याचा तास आणि कवितेचा कान

पदव्युत्तर मराठीच्या वर्गात छंदोविचार शिकवणाऱ्या कोणालाही परिचित असलेले एक चित्र आहे. विद्यार्थी ओळीतील अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करतो, गण पाडतो, वृत्ताचे नाव अचूक सांगतो. आणि तीच ओळ वाचून दाखव म्हटले की ती बातमीपत्रासारखी वाचतो. भुजंगप्रयाताची 'लगागा लगागा' ही चाल त्याच्या वहीत असते, कानात नसते. ज्या पिढ्यांनी 'मनाचे श्लोक' अर्थ कळण्याच्या आधी मोठ्याने म्हटले, त्यांना भुजंगप्रयात शिकवावा लागला नाही, फक्त त्याचे नाव सांगावे लागले. हा दोष आम्ही विद्यार्थ्याचा मानीत नाही. त्याचे मूळ पहिली ते आठवीच्या वेळापत्रकात आहे, म्हणून साहित्याच्या अध्यापकांनी शालेय संगीतशिक्षणाविषयी बोलणे आम्हांला अनाठायी वाटत नाही.

व्याकरणाचा एक साधा नियम घ्यावा. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू होते, पण त्यावर आघात येत असेल तरच. 'सत्य'मधला 'स' गुरू. 'तुझ्या'मधला 'तु' मात्र लघूच. आघात येतो की नाही हे कोण ठरवणार? कान. म्हणजे छंदशास्त्राचा सर्वांत प्राथमिक नियमसुद्धा अखेरचा निवाडा कानावर सोपवतो, आणि तो कान आपण तेविसाव्या वर्षी विद्यापीठात तयार करू पाहतो. हे काम सातव्या वर्षी टाळ्या वाजवत सहज होते.

प्रश्न केवळ वृत्तबद्ध कवितेचा असता तर तो जुन्या चवीच्या लोकांचा प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. पण मर्ढेकरांच्या 'काही कविता' (1947) समोर ठेवाव्यात. तेथे अभंगाची आणि ओवीची रूपे यंत्रयुगातील विटलेल्या आशयासाठी वापरली आहेत. ज्याने अभंग टाळ-मृदंगाच्या ठेक्यात कधी ऐकला वा म्हटला नाही, त्याला ही विसंगती टिपांतून समजते, जाणवत नाही. मुक्तछंदाचेही तेच. लय मोडली हे कळायला ती आधी अंगात असावी लागते.

आता शाळेकडे वळू. कागदावर आपल्याकडे फारशी उणीव नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने संगीत, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला यांना शालेय शिक्षणात हक्काची जागा मागितली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभरावर असल्यास, कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमाचे विषय आणि इतर विषय यांतील भिंत पाडण्याची भाषा केली. बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू'मध्ये गायन-वादनही आहे. मात्र कायद्यातला तो एक निदेशक 'कले'साठी आहे आणि आमच्या पाहण्यातल्या बहुतेक शाळांत कला म्हणजे चित्रकला. पहिली ते पाचवीला तर तोही नाही. ज्या वयात कान सर्वांत ग्रहणशील असतो, त्या वयाचे संगीत वर्गशिक्षकाच्या वैयक्तिक आवडीवर सोपवलेले आहे.

मग शाळेत गाणे उरते कुठे? परिपाठात प्रार्थना असते, राष्ट्रगीत असते, 2023 पासून राज्यगीतही आहे. यातले प्रत्येक गीत रोज म्हटले जाते आणि शिकवले जवळजवळ कधीच जात नाही. ध्वनिक्षेपकावर एखादी मुलगी स्वतःच्या पट्टीत सुरू करते, मागून तीनशे मुले ज्याला जमेल त्या स्वरात ओरडतात. स्नेहसंमेलनात तयार ध्वनिमुद्रणावर नाच बसवला जातो. मुलांच्या तोंडून एक स्वर निघत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेत शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात हे खरे, पण त्या परीक्षांची तयारी शाळेबाहेर, शुल्क भरून होते. ज्यांना घरी पेटी आणि संध्याकाळी शिकवणी परवडते त्यांच्याच पदरात हे गुण पडतात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते संगीत मोजक्या घराण्यांच्या आणि दरबारांच्या बाहेर आणण्यासाठी. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तके रचली तीही शिक्षण अनेकांपर्यंत पोचावे म्हणून. एवढ्या खटाटोपानंतर गाणे पुन्हा ऐपतीवर अवलंबून राहावे, हे आम्हांला खटकते.

यापेक्षाही अधिक दुर्लक्षित बाब मुलांच्या आवाजाची आहे. शिक्षक, विशेषतः पुरुष शिक्षक, आपल्या सोयीच्या खालच्या पट्टीत कविता सांगतात. लहान मुलांचा नैसर्गिक आवाज वरचा. खालच्या स्वरांना त्यांचा गळा पोचत नाही आणि मग ती बोलल्यासारखी पुटपुटतात किंवा किंचाळतात. यावरून 'याला सूर नाही' असा निकाल दिला जातो. सहावी-सातवी-आठवीत मुलांचा आवाज फुटू लागतो. या काळात गळ्याचा आवाका आक्रसतो, स्वर अवचित घसरतो. ही वाढीची अवस्था आहे, ती ओसरते. जाणता शिक्षक अशा मुलाला काही महिने थोड्याच स्वरांत म्हणायला देतो, ठेका धरायला लावतो. आपल्याकडे त्याला समूहगीताच्या रांगेतून बाहेर काढतात वा नुसते ओठ हलव म्हणतात. कितीतरी सुशिक्षित पुरुष 'मला गाण्यातलं काही कळत नाही' असे जन्मभर हसत सांगतात. ती समजूत याच इयत्तांत पक्की झालेली नसेल कशावरून?

दुसरीकडे, मुलांजवळ जे आधीच आहे ते शाळा मोजत नाही. वारकरी घरातला मुलगा भजनात टाळ धरतो तेव्हा लयीचे प्रत्यक्ष शिक्षण घेत असतो. लेझीम तर शाळेतच खेळली जाते, पण खेळाच्या तासाला; तिच्या घाटीचा आणि कवितेच्या मात्रांचा संबंध जोडण्याचे कोणाच्या मनात येत नाही. जव्हारकडची मुले तारप्याभोवती नाचत वाढतात आणि शाळेत येऊन 'संगीत: निरंक' ठरतात. हंगेरीत कोदाय या संगीतकाराने लोकगीत ही मुलाची सांगीतिक मातृभाषा मानली, आणि त्याच्या विचारांवर चालणारी पहिली संगीत-प्राथमिक शाळा 1950 मध्ये केच्केमेट येथे निघाली. तेथील पद्धत येथे जशीच्या तशी आणावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु ओवी, भारूड, भोंडल्याची गाणी असा ऐवज असणाऱ्या भाषेने मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरताना गाण्याला त्यातून वगळावे, हे चमत्कारिक आहे.

एका आक्षेपाची दखल घेतली पाहिजे. कवितेला चाल लावली की अर्थ बुडतो, असे आमचे काही सहकारी म्हणतात. एकच सिनेमाच्या वळणाची चाल सगळ्या कवितांना चिकटवली तर हे घडतेच. पाढे आणि विज्ञानाच्या व्याख्या गाण्यात बसवून त्यालाच 'कलासमावेशक अध्यापन' म्हणण्याची जी लाट आली आहे, तिच्याविषयी आमचेही मत प्रतिकूलच आहे. संगीत तेथे हमाल होते. आमच्या शब्दांसाठीही ते हमाल होऊ नये. म्हणून गाण्याचा तास स्वतंत्र हवा. त्यात निरर्थक स्वरांची ओळ ऐकून तशीच परत म्हणणे असावे, वर-खाली ओळखणे असावे, चार आणि सहा मात्रांतला फरक पावलांनी काढणे असावे. कवितेला त्याचा लाभ आपोआप होईल.

प्रत्येक शाळेला संगीतशिक्षक मिळेपर्यंत थांबायचे ठरवले तर आणखी दोन पिढ्या जातील. आमची मागणी त्याहून लहान आहे. प्राथमिक शिक्षकांच्या पदविका अभ्यासक्रमात दोन्ही वर्षे दर आठवड्याला एक तास प्रत्यक्ष गाण्याचा असावा, कागदी प्रकल्पाचा नव्हे; आणि मुलांच्या पट्टीत, किमान दहा गाणी पेटीशिवाय सांगता येणे ही उत्तीर्ण होण्याची अट असावी. विद्यापीठांतील मराठी विभाग या अभ्यासक्रमांच्या मंडळांवर भाषेसाठी माणसे पाठवतातच. पुढच्या बैठकीत त्यांनी हा विषय मांडावा.