एकच आकडा, तीन फूटपट्ट्या

गेल्या शनिवारी बाबांच्या बाईकची पीयूसी काढायला गेलो होतो. बाईक २००४ सालची, १०० सीसी, फोर-स्ट्रोक. पंधरा वर्षांनंतर आरटीओत रीतसर रि-पासिंग करून घेतलेली, कारण बाबांचा तिच्यावर जीव आहे. सकाळी चोक ओढून किक मारली की मागून निळसर धूर निघतो आणि समोरच्या काकू खिडकी लावून घेतात. रिंगा गेल्यात, असं मेकॅनिकने दोनदा सांगून झालंय.

पंपावरच्या व्हॅनमधल्या पोराने नंबर प्लेटचा फोटो काढला, सायलेन्सरमध्ये नळी घातली (हो, खरंच घातली, उगाच शंका नको), आणि दोन मिनिटांत प्रिंट हातात दिली. कार्बन मोनॉक्साइड २.९ टक्के. पास!

माझ्या मागे एक जण २०१४ ची हॅचबॅक घेऊन उभा होता. चकाचक गाडी. त्याचा कार्बन मोनॉक्साइड आला ०.६ टक्के. नापास. तो एकदा स्वतःच्या प्रिंटकडे आणि एकदा माझ्या बाईककडे बघत राहिला. "तुमची पास कशी काय हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून घरी येऊन नियम वाचत बसलो. रविवार त्यातच गेला.

उत्तर सोपं आहे. २००० सालानंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीला मर्यादा ३.५ टक्के, बीएस-४ च्या पेट्रोल गाडीला ०.३ टक्के. हायड्रोकार्बनचं बघाल तर दुचाकीला ४५०० पीपीएम, गाडीला २००. गाडीची आणखी एक चाचणी होते, इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास ठेवून लॅम्डा बघतात, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण बरोबर आहे का ते. माझ्या बाईकला असलं काही नाही. जागच्या जागी भुरभुर करत उभी राहिली की झालं.

इथे पहिली प्रतिक्रिया "हा काय अन्याय!" अशी होते. माझीही झाली. पण थोडं गणित करून बघा. टक्केवारी म्हणजे धुरातलं प्रमाण, धुराचं वजन नव्हे. १२०० सीसीचं इंजिन ८०० आरपीएमवर मिनिटाला ढोबळ मानाने ४८० लिटर हवेची जागा फिरवतं, १०० सीसीचं १४०० आरपीएमवर ७० लिटर. (आयडलिंगला प्रत्यक्षात हवा बरीच कमी ओढली जाते, पण दोघांची तुलना साधारण तशीच राहते.) म्हणजे गाडीचा धूर जवळजवळ सातपट. त्याच्या ०.६ टक्क्यातून बाहेर पडणारा विषारी वायू माझ्या २.९ टक्क्यांपेक्षा जास्तच भरतो! टक्केवारीत मी पाचपट वाईट, वजनात तो दीडपट. हायड्रोकार्बनचं मात्र तसं नाही. तिथल्या मर्यादांमध्येच बावीस-तेवीसपट फरक आहे, तो सातपट धुराने काही भरून निघत नाही.

आणि गंमत म्हणजे काकूंना ज्याचा त्रास होतो तो निळा धूर या सगळ्यात कुठेच नाही. तो जळकं ऑइल आहे. नळीतून येणारा वायू यंत्रात जायच्या आधी फिल्टरमधून जातो आणि ऑइलचे थेंब तिथेच अडकतात. पेट्रोल वाहनाच्या पीयूसीत धूर मोजतच नाहीत, तो फक्त डिझेलचा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड्स तर कुणाचेच मोजत नाहीत. मोजून उपयोगही नाही म्हणा, कारण ते तयार होतात इंजिनावर भार आला, आतलं तापमान चढलं की. सिंहगडचा घाट चढताना. पंपावर उभं राहून नव्हे.

आता दुसरं टोक बघू. नवीन वाहन बाजारात यायच्या आधी त्याची प्रयोगशाळेत चाचणी होते. पुणेकरांना वेताळ टेकडीच्या बाजूची एआरएआय माहीत असते, निदान टेकडीला लोक तिच्या नावाने ओळखतात म्हणून तरी. अशा ठिकाणी वाहन रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात, आणि सगळा धूर गोळा करून किलोमीटरमागे किती ग्रॅम ते काढतात. हे खरं माप. इथे एक छान गोष्ट घडलीय, जिचं कौतुक कुणी करत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये पेट्रोल गाडी आणि दुचाकी यांचे मुख्य आकडे सारखेच आहेत. कार्बन मोनॉक्साइड किलोमीटरला १ ग्रॅम, नायट्रोजन ऑक्साइड्स ०.०६ ग्रॅम. युरोपातल्या युरो-५ मोटारसायकलचेही तेच. बाईक छोटी म्हणून सूट, हा प्रकार निदान कागदावर तरी संपला.

पण आकडा सारखा असला तरी फूटपट्टी सारखी नाही.

दुचाकीला लागते ती डब्ल्यूएमटीसी. ही संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मंचावर २००५ साली ठरलेली जागतिक चाचणी. तिच्याआधी आपल्याकडे आयडीसी होती, १९८० च्या दशकातली. १०८ सेकंदांचं एक आवर्तन, तेच सहा वेळा, आणि कमाल वेग ताशी ४२ किमी. हसू नका, तेव्हाच्या लक्ष्मी रोडला ते बरोबरच होतं. जागतिक चाचणीत सहाशे-सहाशे सेकंदांचे तीन भाग आहेत आणि तुमची बाईक किती दमाची त्यावर कुठले भाग द्यायचे ते ठरतं. १००-११० सीसीच्या बाईकला पहिलाच भाग दोनदा, एकदा थंड इंजिनवर आणि एकदा गरम, वेग ५० च्या आत. मोठ्या बाईकला तिन्ही. मला हे फार आवडलं. नियम एकच, पण त्यात गरीब-श्रीमंत बाईकचा विचार केलेला. "जागतिक नियम आपल्या रस्त्यांना लागू होत नाहीत" हे आपलं आवडतं वाक्य आहे, त्याला हे चोख उत्तर आहे.

चारचाकीचं काय? तिथे एमआयडीसी (औद्योगिक वसाहत नव्हे :-) ). ही युरोपच्या जुन्या चाचणीची आपण केलेली आवृत्ती, कमाल वेग १२० वरून ९० वर आणलेली. हळूहळू वेग वाढवा, तिथेच ठेवा, हळूहळू कमी करा. पट्टीने आखल्यासारखा आलेख. असं कुणीही, कधीही, कुठेही गाडी चालवत नाही. युरोपने ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने मोडीत काढली आणि डब्ल्यूएलटीपी आणली. आपल्याकडे ती आणायच्या हालचाली आता चालू आहेत. म्हणजे या एका बाबतीत आपली स्प्लेंडर-अ‍ॅक्टिव्हा आपल्या एसयूव्हीच्या पुढे निघाली!

सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको. टेस्ट केसेस आधीच माहीत असतील तर कोड टेस्ट पास व्हायला लिहिला जातो, वापरणाऱ्यासाठी नाही. फोक्सवॅगनने हेच शब्दशः केल्याचं २०१५ साली उघड झालं. गाडी रोलरवर आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. जगभरात सुमारे १.१ कोटी गाड्या, भारतातच ३ लाख २३ हजारांवर परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीला जोर आला. आपल्याकडे २०२३ पासून ती गाड्यांना लागू आहे. दुचाकींना नाही.

नियम एकसारखे करा म्हटलं की चर्चा नेहमी निर्यातीवर जाते. त्यातही एक मेख आहे. भारत २००६ साली १९९८ च्या करारात सामील झाला, १९५८ च्या करारात नाही. पहिल्यात चाचणीची पद्धत सारखी करायची असते, दुसऱ्यात एकमेकांची सर्टिफिकेटं मान्य करायची असतात. त्यामुळे तीच बाईक, तीच चाचणी, पण युरोपचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. कंपन्यांना त्याचा खर्च होतो हे मान्य. पण कंपन्या त्यांचं बघून घेतील, त्यांच्याकडे त्यासाठी माणसं आहेत.

मला काळजी आहे ती प्रयोगशाळा आणि पंप यांच्यातल्या दरीची. वाहन जन्मताना एकदाच नीट मोजलं जातं आणि पुढची पंधरा-वीस वर्षं त्याला अशा नळीने तपासतात जी भलतंच काहीतरी मोजते. खरं तर उपाय हाताशी आहे. २०२३ पासूनच्या नव्या दुचाकींमध्ये ओबीडी-२ आहे आणि २०२५ पासून त्याची पुढची पायरी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत आला की बाईकला स्वतःलाच कळतं. पीयूसीच्या वेळी एक केबल जोडून तो कोड वाचला तर? व्हॅनमध्ये लॅपटॉप असतोच. दुचाकी आणि हलकी चारचाकी, दोघांना तोच कोड, तोच निकष. जुन्या वाहनांना निदान निळा धूर डोळ्यांना दिसतो म्हणून नापास करायची मुभा त्या पोराला द्या.

यावर मित्र म्हणाला, "अरे, डिलिव्हरीवाली पोरं जुन्या बाईक चालवतात, त्यांचं काय?" प्रश्न रास्त आहे. केंद्राच्या कायद्यात २०१९ पासून प्रदूषणाचा दंड दहा हजारांपर्यंत आहे. सेकंडहँड बाईकच्या किमतीचा तो केवढा मोठा हिस्सा! एवढा दंड असला की माणूस बाईक दुरुस्त करत नाही, सर्टिफिकेट "मॅनेज" करतो. मी म्हणेन दंड कमी करा आणि नापास झाल्यावर दुरुस्तीला महिनाभर द्या. पण त्या पोरांच्या नाकातही दिवसाचे दहा तास हाच धूर जातो, हे ही विसरू नका. सिग्नलला सगळ्यात पुढे तेच असतात.

असो. इंजिनच्या कामाचं विचारलं. रिंगा, पिस्टन, बोअर मारून सगळं मिळून साडेचार हजार. बाबांना सांगितलं, तर त्यांनी पीयूसीची प्रिंट चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "पास झालीय ना? मग?"

सोमवारी बाईक मेकॅनिककडे टाकतोय. ऑइल बदलायला नेतोय असं घरी सांगितलंय.