सात सुरांचा हिशेब

दिवाळीच्या सुमारास बोर्ली पंचतनच्या बाजारात मुंबईची मंडळी भेटू लागली, की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "चिरंजीव यंदा दहावीला. तबल्याचा क्लास तूर्त बंदच केला. पण कोणी म्हणतात, वाजवण्याने गणित सुधारते. मग चालू ठेवावा काय?" विचारणारे वडील असतात, आई जवळ उभी राहून ऐकत असते, आणि चिरंजीवांना कोणी काही विचारीतच नाही!

संगीतात गणित आहे, यात शंका नको. गावातल्या भजनाचेच पाहा ना. भजनी ठेका आठ मात्रांचा. समेपासून तीन मात्रांचा तुकडा तीनदा वाजविला की नऊ होतात. आठ सरल्या आणि नववी म्हणजे पुढची सम! शेवटचा 'धा' नेमका तिच्यावर. तीनतालाच्या सोळा मात्रांत पाच-पाचचा तुकडा मध्ये एकेक मात्रा सोडून घेतला, तर सतरा. पुन्हा समच. पखवाजी मात्र ही बेरीज करीत बसत नाही. त्याचा हात ती जाणतो. परीक्षेच्या कागदावर ती उतरेलच, असे नाही.

हे नाते आपल्याच मुलखात केवढे जुने आहे! तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. आजोबा भास्कर काश्मीरहून आलेले (लीलावतीकार भास्कराचार्य ते हे नव्हेत). शार्ङ्गदेवाकडे कारभार राज्याच्या जमाखर्चाचा, आणि ग्रंथ लिहिला तो 'संगीतरत्नाकर'! त्यात तो सात सुरांचे क्रम मोजतो. दोन सुरांचे क्रम २, तिहींचे ६, चोहींचे २४. असे गुणत गेले की साती सुरांचे ५,०४०. एवढ्यावर हा हिशेबनीस थांबत नाही. हजारावी तान कोणती, किंवा अमुक तान कितवी, हे सगळी यादी न लिहिता काढण्यासाठी तो 'खंडमेरू' नावाचा कोठा देतो.

याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. ११५० च्या 'लीलावती'त अखेरीस हेच गणित आहे. तेथे सुरांऐवजी देव आहेत. विष्णूच्या चार हातांतली आयुधे बदलून किती मूर्ती होतील? २४. शंकराच्या दहा हातांतली? ३६,२८,८००! एकाच दरबारात ही दोन्ही माणसे. त्यांचे कधी बोलणे झाले असेल काय, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

पण चांगला हिशेबनीस संगीतावर लिहू शकतो, यावरून तबला शिकलेला मुलगा भूमितीत तरेल, असे ठरत नाही. १९९३ साली अमेरिकेत ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्ट ऐकविला. आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांचे गुण वाढले, ते पाव तासभर टिकले. तेवढ्यावर १९९८ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला ध्वनिमुद्रिका देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले! पुढे २०२० साली साला आणि गोबे यांनी ५४ अभ्यासांची, सुमारे ७,००० मुलांची, छाननी केली. तुलना जेथे चोख होती, तेथे संगीताचा अभ्यासावर परिणाम जवळजवळ शून्य. क्लासला जाणारी मुले हुशार दिसतात, त्याचे कारण बहुधा घरात आहे: जे आईबाप तबल्याची फी भरतात, तेच गृहपाठही पाहतात.

तेव्हा गुणांसाठी तबला चालू ठेवू नये, आणि गुणांसाठी बंदही करू नये. रोजचा अर्धा तास दहावीला बुडवीत नाही. मुलाला हवा आहे की नको, एवढेच त्याला विचारावे. आणि आईसमोर विचारावे, म्हणजे तो खरे सांगेल. नकोच म्हणाला, तर जोडी निदान गावच्या घरी माळ्यावर टाकू नका. इकडच्या पावसाळ्यात पुडी ढिली पडते, आणि बुरशी धरते ती वेगळीच.