एकाकी इलेक्ट्रॉनांचा वृक्ष

रायपूरला लागून असलेल्या बीरगांवच्या आसपास, उरला आणि सिलतरा येथे, लोखंड-पोलादाचे कारखाने दाटीने उभे आहेत. भंगाराच्या ढिगावर विद्युत्‌चुंबक उतरला की लोखंड खडखडत त्याला जाऊन चिकटते. त्यात अडकलेली प्लास्टिकची पिशवी मात्र चुंबकाला ओळखही दाखवीत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न आपल्याही मनात आला असेल.

वस्तुतः प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक चिमुकला चुंबक असतो. परंतु कार्बनी पदार्थांत इलेक्ट्रॉन बहुधा जोडीने नांदतात, आणि जोडीतील दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असल्याने त्यांचे चुंबकत्व परस्परांत विरून जाते. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असेल, तर पदार्थ चुंबकाकडे किंचित ओढला जातो. हे सूक्ष्म आकर्षण व अपकर्षण मोजणारा तराजू शांतिस्वरूप भटनागर व के. एन. माथुर यांनी १९२८ साली अविभाजित भारतात सिद्ध केला होता.

असा एकाकी इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या रेणूस 'मुक्त मूलक' म्हणतात. तो सहसा क्षणात जोडीदार गाठतो आणि खेळ संपतो. १९०० साली मिशिगन विद्यापीठातील मोझेस गोम्बर्ग यांना मात्र टिकणारे मूलक सापडले. त्यातील कार्बनाभोवती बेंझीनच्या तीन वलयांचा असा गराडा होता, की दुसऱ्याला जवळ येणेच कठीण!

पुढे अशी पुष्कळ मूलके एका महारेणूत गुंफण्याचे प्रयत्न झाले. बेंझीनच्या वलयावर मधली एक जागा सोडून दोन मूलके बसविली, तर त्यांचे इलेक्ट्रॉन एकाच दिशेला तोंड करतात. पण सरळ साखळीत एक मूलक जरी बिघडले, तरी पुढच्यामागच्यांची फारकत होते. फांद्या आणि वलये यांचे जाळे असल्यास दुसरी वाट उरते. या युक्तीने नेब्रास्का विद्यापीठात आंद्झेय राय्त्सा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली चुंबकीय शिस्त पाळणारे बहुवारिक घडविले. ही शिस्त टिकते उणे २६३ अंश सेल्सिअसच्या सुमारास व त्याखालीच. तेव्हा बीरगांवच्या उन्हात तिची आशा नको.

तथापि या रेणुवृक्षाला दुसरे एक काम आहे, आणि तेथे सर्वांनी एका दिशेला तोंड करण्याची गरज नाही. एमआरआय तपासणीत चित्र स्पष्ट यावे म्हणून पुष्कळदा गॅडोलिनियम धातूचे औषध शिरेतून देतात. २००६ साली अशा काही औषधांचा संबंध, मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांची त्वचा व अवयव कठीण करणाऱ्या विकाराशी असल्याचे लक्षात आले. धातूऐवजी सेंद्रिय मूलक वापरावे, तर अडचण अशी, की गॅडोलिनियमपाशी सात एकाकी इलेक्ट्रॉन, नायट्रॉक्साइड मूलकापाशी एकच. शिवाय रक्तातील क जीवनसत्त्व तोही निष्प्रभ करते. फांद्याफांद्यांच्या महारेणूवर अनेक मूलके लावली, की संख्येची उणीव भरून निघते. मोठा रेणू सावकाश गिरक्या घेतो, त्यामुळे प्रत्येक मूलकाचा प्रभावही वाढतो. क जीवनसत्त्वापासून बचावासाठी मूलकाभोवती गोम्बर्ग यांच्या रेणूसारखाच दाट गराडा उभारतात. २०१२ साली राय्त्सा यांच्या गटाने अशा महारेणूच्या साहाय्याने उंदरांच्या शरीराची चित्रे तासाभराहून अधिक काळ घेतली.

रुग्णालयात मात्र आजही गॅडोलिनियमच दिले जाते. म्हणून मूत्रपिंडाचा विकार असल्यास, तपासणीपूर्वी तंत्रज्ञाने विचारण्याची वाट न पाहता तो आपण होऊन सांगावा आणि रक्ततपासणीचा ताजा अहवाल सोबत न्यावा.