मुलाखत गुणवत्तेची की घराण्याची?

निवडक विद्यार्थ्यांनाच प्रवेश देणाऱ्या संस्थांना परीक्षेतील गुण पुरेसे वाटत नाहीत. हार्वर्डसारखी अमेरिकन विद्यापीठे अर्जदारांच्या मुलाखतीचे काम आपल्या माजी विद्यार्थ्यांवर सोपवतात. आपल्याकडेही तोंडी परीक्षेचे आकर्षण ओसरलेले नाही. गुणपत्रिकेत न दिसणारा माणूस मुलाखतीत दिसतो, असे तिचे समर्थन केले जाते. ते सर्वस्वी निराधार नाही. परंतु मुलाखतीत दिसतो तो माणूस, की त्याचे घर?

हार्वर्डने १९२६ साली प्रवेशासाठी 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांवर भर दिला, तो ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या रोखण्याच्या हेतूने. परीक्षेत पुढे येणाऱ्यांना अडवायचे असेल, तर मोजता न येणारी कसोटीच उपयोगी पडते.

आपला अनुभव निराळा नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० गुण होते आणि मुलाखतीला ५०. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकते व प्रश्न आईवडील आणि राहते ठिकाण यांविषयीच असतात, अशी अर्जदारांची तक्रार होती. अजय हासिया खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरवले. पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या अब्दुल नाफे समितीलाही तोंडी परीक्षेच्या गुणांत सामाजिक भेदभावाच्या खुणा आढळल्या.

जिंतूर तालुक्यातील येलदरीसारख्या गावातून, कापूस वेचणाऱ्या आईची मुलगी अशा मुलाखतीस गेली, तर समोर कोण असेल? बहुधा महानगरात स्थिरावलेला, बड्या कंपनीतला माजी विद्यार्थी. त्याच्या मनात दुष्टावा असेलच असे नाही. तथापि ज्याला तो 'आत्मविश्वास' म्हणतो, ती पुष्कळदा त्याच्याच वर्गाची बोलण्याची ढब असते. ती ढब शिकवणीवर्गांतून विकत मिळते. त्या मुलीने प्रतिकूल परिस्थितीत मिळवलेल्या गुणांना मात्र तिच्यापुढे दुय्यम स्थान मिळते. संपत्तीचा वारसा अशा रीतीने गुणवत्तेचा वेष घेऊन पुढील पिढीकडे जातो.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. मुलाखत ठेवायचीच असेल, तर तिला १५ टक्क्यांहून अधिक गुण नसावेत. अर्जदाराला मराठीत उत्तरे देण्याची मुभा असावी. दिलेल्या गुणांची कारणे लेखी नोंदवावीत. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण व्हावे, ही अपेक्षा तर न्यायालयानेच त्या निकालात व्यक्त केली होती.

माजी विद्यार्थ्यांना काम हवे असेल, तर त्यांनी न्यायाधीशाची खुर्ची सोडून खेड्यांतल्या शाळांत यावे, अर्ज भरण्यास मदत करावी, शिष्यवृत्त्या उभ्या कराव्यात. आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील किती मुले मुलाखतीपर्यंत पोहोचली व किती तिथेच गळाली, याची नोंद ठेवावी. अशी नोंद हाती असल्याशिवाय आपली तक्रार केवळ तक्रारच राहील.