वही कुणाच्या हाती?



वैनगंगेकाठच्या कारध्याला बचत गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, हिशेबाची वही तुमच्याशिवाय कुणाला कळते?" मला रागच आला. इतकी वर्षं राबले ती मी! मग संगणकावर काम करणाऱ्या भाचीचं बोलणं आठवलं. लिनक्स या सॉफ्टवेअरचं मूळ लिखाण, म्हणजे कोड, कुणालाही वाचता येतं, सुधारता येतं. १९९१ मध्ये ते सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स चुकणाऱ्यांवर ईमेलमधून तुटून पडत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, काही काळ बाजूला झाले. त्याच वर्षी जुलैत 'पायथन'चे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी नेतेपद सोडलं. पुढच्या वर्षी पाच जणांचं मंडळ निवडून आलं. त्यात कॅरोल विलिंग होत्या, आणि गुइडोही, पाचांतले एक म्हणून.

नम्रतेचे धडे आपल्याला नकोत. माहेरी-सासरी ते पुरेसे मिळालेत. चारचौघांत हिशेब मागण्याचा आत्मविश्वास मात्र आपण कमावलाय. पण पद मिळाल्यावर 'माझं चुकलं' म्हणणं ही नम्रता निराळी. ती कुणी आपल्यावर लादलेली नसते, म्हणूनच जड जाते.

मी वही मधोमध ठेवली. चाळीस रुपयांची चूक निघाली. माझीच.